काचेची ओळख

आमच्या साडूंनी ओळख करून दिल्याशिवाय जालना जिल्ह्यात कोणी कोणाला ओळखतच नाही, अशी साडूंची प्रामाणिक समजूत आहे. साडू म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. मूळचे आष्टीचे, जालन्याला तंत्रनिकेतनात शिकवायचे. एकदा मंठ्याच्या बसस्टँडवर एका गृहस्थानं मला परतूरची गाडी गेली का, एवढंच विचारलं. मी तोंड उघडायच्या आत साडू म्हणाले, "हे आमचे साडू. हसनाबादचे. बँकेत असतात. वांगं खात न्हाईत. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, तवा तुम्ही जरा इकडून बोला." तो भला माणूस वळसा घालून माझ्या उजवीकडं आला आणि त्यानं पुन्हा तेच विचारलं. तोवर परतूरची गाडी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. सोयरिकीच्या बैठकीला तर साडूंना नेणं म्हणजे जोखीमच. माझ्या पुतण्याच्या वेळी मुलीकडच्यांसमोर ते म्हणाले, "पोरगा बिलकुल निर्व्यसनी. घोरतो मात्र. आवाज ओसरीपर्यंत येतो." आम्ही सगळे सतरंजी बघत बसलो. पण मुलीचे वडील खूश झाले. एवढं उघड सांगणारे लोक बाकीचं काय लपवणार, असं म्हणून त्यांनी तिथंच होकार दिला. त्या दिवसापासून साडूंना आवरणं कोणाच्या हातात राहिलं नाही.

साडूंच्या आई, सगळ्या गावाच्या माय, फार बोलक्या. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली, उजवा हात गेला. जालन्याला आणल्यावर त्या नुसत्या बघायच्या, आणि त्यांना काय हवंय हे कोणालाच कळायचं नाही. मायला लिहिता-वाचता येत नव्हतं. साडूंनी एका मोडीत निघालेल्या यंत्रातली टचस्क्रीनची काच आणली, एक छोटा संगणक जोडला आणि चार कोपऱ्यांत चार चित्रं काढली: पाणी आणि त्याच्या तिरप्या कोपऱ्यात चहा, भाकर आणि तिच्या तिरप्या कोपऱ्यात गोधडी. चित्राला बोट लावलं की साडूंच्याच आवाजात "मायला पाणी पाह्यजे" असं यंत्रानं म्हणायचं. पण काच ढिम्म. मी गेलो तेव्हा साडू आनंदात होते, कारण बिघाड त्यांच्या आवडीचा निघाला होता.

"ओळखच न्हाई ना, साडूभाऊ! संगणकाच्या पोटात कर्नल म्हणून एक कारभारी असतो. सारा कारभार त्याच्या हातात, पण दारात कोण उभं हाये ते त्याला आपून सांगावं लागतं. काच कोणत्या तारेवर बसली, तिचा पत्ता काय, बोट लागल्यावर ती हाक कशी मारती, रुंद किती, उंच किती, वरची बाजू कोणती. ते लिहून देऊन राह्यलो."

घोरण्याचं लिहिलं का, असं मी विचारलं. साडूंनी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी त्यांनी मेजावर काचेला बोट लावलं, यंत्र बोललं आणि मेहुणीनं साखर वाटली.

मग काच मायच्या खाटेशेजारी भिंतीवर लागली. तार वरून येत होती म्हणून साडूंनी काच उलटी टांगली आणि चित्रं तेवढी फिरवून सरळ केली. उन्हाळा कडक होता. मायनं बोट लावलं, यंत्र म्हणालं "चहा पाह्यजे", आणि मेहुणीनं चहा केला. थोड्या वेळानं पुन्हा चहा. मध्येच मायला गोधडी हवी असायची. साडू थर्मामीटर लावायचे, गोधडी पांघरायचे आणि मायनं ती लाथाडली की ताप उतरला म्हणायचे. लेकानं आईचं बोलणं परत आणलं, याचा अभिमान त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

पुढच्या खेपेला मी खाटेजवळ बसलो होतो. मायनं चहावर बोट ठेवलं. "मायला पाणी पाह्यजे," यंत्र म्हणालं. मेहुणीनं पाणी आणलं आणि माय घटाघटा प्यायल्या. मी साडूंना हळूच विचारलं, "चहावर पाणी कसं?"

साडूंनी आधी काचेकडं पाहिलं, मग मायकडं. "चित्रं फिरवली, पण कारभाऱ्याला काच उलटी टांगली हे सांगितलंच न्हाई. तो अजून खालच्या बाजूला वर समजून राह्यला. माय पाणी मागायची आन् मी उन्हाळ्यात चहा पाजून राह्यल्तो. भाकर मागायची, तवा गोधडी." मायनं कोणाला न सांगता, म्हणजे सांगणार तरी कशा, ते उलटं शिकून घेतलं होतं. "आत्ता बराबर करतो, माय," म्हणून साडूंनी कीबोर्ड ओढला. मायनं डाव्या हातानं तो बाजूला सारला. पुन्हा शिकायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. साडूंनी कीबोर्ड ठेवून दिला. आयुष्यात दिलेली ही एकच चुकीची ओळख त्यांनी तशीच राहू दिली.

माय गेल्यावर वर्षश्राद्धाला मी गेलो होतो. काच अजून भिंतीवर होती, तिचा दिवाही चालू होता. बसल्या बसल्या माझं बोट सहज चहाच्या चित्राला लागलं.

"मायला पाणी पाह्यजे."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मेहुणी पाण्याचा तांब्या घेऊन दारापर्यंत आली आणि रिकाम्या खाटेकडं बघत तिथंच थांबली. साडू उठले. त्यांनी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि माझ्यासमोर धरला. "घ्या, साडूभाऊ," एवढंच म्हणाले. माझ्या उजवीकडून म्हणाले, म्हणून ऐकू आलं. मला तहान नव्हती, तरी मी सगळं पाणी प्यायलो.