वरच्या मजल्यावरचे पाच प्रश्न

आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंइतकं प्रश्न विचारणारं माणूस अख्ख्या जबलपुरात दुसरं नसेल, आणि तरीही 'काहून?' हा एक प्रश्न त्या कधीच विचारत नसत. आमच्यासारख्या मूळच्या वऱ्हाडी घरांत दिवस उजाडतो तोच 'काहून'ने. चहा काहून थंड, पेपर काहून आला नाही, समोरचा काहून हसला. बाईही मूळच्या तिकडच्याच. पण त्यांचे प्रश्न ठरलेले: पहिल्यांदा की आधीही? एक की जास्त? डोकं खाली की वर? दिवस भरले की नाही? आपोआप सुरू झालं की सुरू करावं लागलं? जन्मभर बाळंतपणं केल्यामुळे हे पाच प्रश्न त्यांच्या तोंडात बसलेले, आणि महाराजपूर भागातल्या आमच्या इमारतीत ते कशालाही लागू होत. एकदा पाण्याची मोटर बंद पडली, तर बाईंनी मिस्त्रीला जिन्यातच गाठलं. "भैया, पहली बार बंद हुई या पहले भी हुई है? अपने आप हुई या किसी ने की?" त्यानं निमूट उत्तरं दिली आणि म्हणाला, "मॅडम, क्यों बंद हुई, ये तो आपने पूछा ही नहीं." बाई म्हणाल्या, "वो रहने दो. अभी तुम भी अंदाज़ से ही बोलोगे." मिस्त्री माझ्याकडे बघू लागला आणि मी मोटरकडे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर त्यांनी बायकांना बाळंतपणांच्या गटांप्रमाणे बसवलं. सख्ख्या जावा दोन टोकांना गेल्या, जुळ्यांची आई एकटीच खिडकीत बसली. माझी आई तेवढी खूश होती, कारण तिच्या गटात समोसे आधी आले.

हे गट म्हणजे काय, ते मला त्यांनी किती वेळा समजावलं असेल! निवृत्तीनंतर शहरातल्या एका इस्पितळानं त्यांना त्याच कामासाठी बोलावलं होतं. तिथं सिझरचं प्रमाण वाढलं होतं आणि का वाढलं ते कुणाला सांगता येत नव्हतं. म्हणजे येत सगळ्यांनाच होतं, पण प्रत्येकाचं वेगळं. बाईंनी कारणाचा रकाना आधी बाजूला सारला. "कारणात जो तो आपली सोय लिहितो. बाई दारातून आत आली तेव्हा कशी होती, तेवढं मला सांगा," असं म्हणून त्यांनी त्या पाच प्रश्नांवर सगळ्या बाळंतिणी दहा गटांत वाटल्या, सिझर झालेल्या आणि न झालेल्याही. मी विचारलं, "सिझर मोजायचं, तर बाकीच्या कशाला?" त्या म्हणाल्या, "पोळ्या किती करपल्या ते सांगायला एकूण किती लाटल्या ते नको का?" हे मला पटलं. पण माझी बायको मंजिरी तिथंच बसली होती, आणि आमच्या मुलाच्या वेळी तिचं सिझर झालं होतं. दुसऱ्या दिवशी बाई मुद्दाम जिना उतरून आल्या आणि त्यांनी उदाहरण मागे घेतलं. "करपल्या नाही, फुगल्या म्हणा," असं सांगून वर निघून गेल्या. तेव्हापासून माझा पार गोंधळ आहे.

मी रिछाईच्या कारखान्यात मालाची तपासणी करतो. आमच्याकडे गट दोनच, पास आणि नापास. ज्यात चांगलं-वाईट काहीच नाही अशी वाटणी असते तरी कशाला, हे मला कळेना. मंजिरीला पुन्हा दिवस गेले, आणि आठव्या महिन्यात बाई म्हणाल्या, "आधीचं सिझर, एकच बाळ, डोकं खाली. दिवस भरले की आपला पाचवा गट." आईनं त्याच दुपारी नागपूरला फोन लावला, "अव्वो, दहांत पाचवी आली! मधातच आहे, चिंता नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पहिल्या खेपेला काहून सिझर झालं, कोणास ठाऊक. चालायचा कंटाळाच होता हिला." मंजिरीनं ते ऐकलं. मागच्या वेळी सव्वा महिना येणारं प्रत्येक माणूस हेच विचारत होतं, आणि दर वेळी तिला काहीतरी सांगावं लागत होतं. ती बाईंना म्हणाली, "मला ह्या वेळेस नॉर्मलच पाहिजे. दुखण्याचं काही नाही, पण लोकांना जवाब देऊन देऊन थकली मी." बाईंनी तिला तपासलं, जुने कागद बघितले आणि म्हणाल्या, "प्रयत्न करू. थिएटर मात्र तयार ठेवू."

कळा आपोआप सुरू झाल्या आणि मंजिरीला बाईंच्या त्या इस्पितळात नेलं. बाई 'आपोआप' म्हणाल्या म्हणजे ते चांगलंच असणार, असं समजून मी खाली जाऊन चहा पिऊन आलो. वर आलो तर धावपळ चालू होती. बाळाचे ठोके उतरत होते, आणि मंजिरीला आत नेलं. मला कुणीतरी सिझरच्या कागदावर सही करायला सांगितलं, ती मी केली. मुलगी झाली, नीट रडली, मंजिरीही सुखरूप होती. आईनं हात जोडले, आणि जोडलेल्या हातांनीच म्हणाली, "पण मग काहून..." बाई तिच्याकडे वळल्या. "माँजी, नात बघून घ्या. तो प्रश्न आता बंद." आई बाळाकडे गेली.

संध्याकाळी मंजिरी भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशी ओली झाली होती. बाई आल्या. आता पहिल्यांदा की आधीही, हे सुरू होणार, अशी मी मनाची तयारी केली. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि हळूच विचारलं, "काहून रडून राहिली, बेटा?"

मंजिरी त्यांच्याकडे वळली. बाईंनी मला हातानं बाहेर जायची खूण केली. दार लोटलं गेलं आणि बराच वेळ उघडलं नाही.

नंतर बाई नागपूरला भावाकडे राहायला गेल्या. वरच्या मजल्याला कुलूप आहे आणि मोटर बंद पडली की आता कुणीच काही विचारत नाही. मुलगी बोलू लागली आहे आणि तिचा पहिला शब्द काय असणार, ते सांगायला नको. मला त्या दहा गटांतले चारही धड आठवत नाहीत, आणि बाईंची आठवण मात्र फार येते. अजूनही एखादी आत्या मंजिरीला विचारतेच, दोन्ही वेळेस काहून गं? मंजिरी हातातलं काम चालू ठेवते आणि म्हणते, "सांगून झालं माझं."