मामींनी खरवडलेली नावं

खालच्या मजल्यावरच्या मामींचं मराठी तंजावरकडचं. वाक्य मध्येच तमिळमध्ये शिरतं आणि "कळलं की नाही?" म्हणत परत येतं. बिस्किटांचं पीठ सैल झालं की त्या पंख्यालाच रागावतात, "फिरतोस कशाला नुसता? चेन्नैत लोणी लगेच रडतं, अम्मा!" आणि गोळा पुन्हा फ्रीजमध्ये ढकलतात.

नाताळच्या सुट्टीत त्या इमारतीतल्या पोरांसाठी चांदण्यांची बिस्किटं भाजतात. यंदा मला मदतीला बोलावलं. साचा दाबेपर्यंत ठीक होतं. मग आयसिंगचा कोन माझ्या हातात आला.

"थोडी नावं मी लिहिलीत, उरलेली तू लिही. इंग्रजीत हं, पोरांना तेच वाचता येतं."

माझी शाळा पाचवीतच सुटली, हे इथे कुणालाच ठाऊक नाही. दारात पोरं आणि त्यांच्या आया उभ्या होत्या. मी कोन बिस्किटावर टेकवला, पण पहिलं अक्षरच उमटेना.

मामींनी माझ्या हाताकडे एकदाच पाहिलं. मग सुरी घेतली आणि स्वतः लिहिलेली सगळी नावं खरवडून टाकली.

"मामी, माझं नाव!" एक पोरगी ओरडली.

"पोटात गेल्यावर कोण वाचतंय, गं? यंदा रांगोळी." माझ्याकडे वळून लाडानं म्हणाल्या, "तुमच्या गावाकडची काढ, कण्णू."

मी ठिपके मांडले. हात आपोआप चालू लागला.

मामींनी त्यावर कधी काही विचारलं नाही. आता जिन्यातून पंख्याला रागावणारा त्यांचा आवाज आला, की मला माहेरी आल्यासारखं वाटतं.