यादीत नसलेलं गवत

उपग्रहाने काढलेल्या फोटोंवर रंग भरणं ही माझी नोकरी होती. शेतीला पिवळा, जंगलाला हिरवा, पाण्याला निळा, वस्तीला लाल. उरलेल्याला राखाडी. त्या राखाडीचं नाव ‘पडीक’. देशाच्या जमिनीचे प्रकार ठरवण्याचं हे शास्त्र मी खडकीहून रोज स्कूटरवर जाऊन, एसीत बसून, चहा पीत पार पाडत असे.

कॉम्प्युटर आधी अंदाज बांधायचा आणि मग आम्ही काही ठिपके प्रत्यक्ष जाऊन तपासायचो. त्याने एकदा सदाशिव पेठेतल्या पत्र्याच्या छपरांना दगडाची खाण ठरवलं. मी तपासायला गेले तर एका आजोबांनी जिन्यातच अडवलं. “जमीन बघायचीय? मग वर कशाला आलात? ती खाली असते.” मी मुकाट्याने ‘वस्ती’ लिहून खाली उतरले.

दिवाळीच्या आधी एक ठिपका शहराबाहेरच्या माळावर पडला. कॉम्प्युटरचं उत्तर पडीक. मलाही तसंच वाटत होतं. तिथे एक धनगर बाई मेंढरं चारत होती. माझ्या हातातल्या फॉर्मकडे बघून तिने विचारलं, “काय लिवताय बाई?”

“जमीन कसली आहे ते.”

“मग, कसली हाय?”

“पडीक.”

“म्हंजी?”

“म्हणजे... काही कामाची नाही अशी.”

तिने आधी माझ्याकडे आणि मग मेंढरांकडे पाहिलं. “मग ही चार महिनं काय खात्यात, तुमचा कागद?”

त्यानंतर तिने मला तासभर उन्हात फिरवलं. हे पवन्या, मेंढरांना आवडतं. ही कुसळी, कोवळी असताना चांगली, वाळली की टोचते. इथे टिटवी अंडी घालते, तिकडे लांडगा येतो. भूगोलात एम.एस्सी. करून मला सगळं ‘गवत’ एवढंच दिसत होतं. भयंकर लाज वाटली. फॉर्मवरचं ‘पडीक’ खोडून मी ‘गवताळ माळ’ लिहिलं.

आमचे साहेब म्हणजे सभ्यपणाचा कळस. शिपायालाही ‘आपण’ म्हणायचे. फॉर्म बघून म्हणाले, “अहो, हा प्रकार यादीत नाही.”

“मग यादी चुकलीय, सर.”

“यादी चुकत नसते. आपल्याला ऊन लागलं असेल.”

मी हट्टाला पेटले. शनिवारी त्यांना स्कूटरवर मागे बसवून माळावर नेलं. ते पांढरे मोजे आणि इस्त्रीची पँट घालून आले होते. कुसळी एव्हाना वाळली होती. पन्नास पावलांत मोज्यांची साळिंदरं झाली. साहेब एका दगडावर बसून एकेक कुसळ उपटू लागले. मी हसू दाबायला उगाच फोटो काढत होते. आजूबाजूला चंडोल ओरडत होते. वारा आला की सगळा माळ एका बाजूला कलायचा. हातातलं कुसळ फेकून साहेब म्हणाले, “तीस वर्षं मी याला राखाडी करतोय.”

मी त्यांना पाणी दिलं.

सोमवारी त्यांनी वर पत्र पाठवलं. दोन बैठका झाल्या. एकीत कोणीतरी ‘इतर’ असं नाव सुचवलं, तेव्हा आमचे सभ्य साहेब म्हणे टेबलावर हात आपटून ओरडले. शेवटी यादीत ‘गवताळ माळ’ आला आणि मला सोनेरी छटा निवडायला मिळाली.

मी बातमी सांगायला माळावर गेले. बाई नव्हती. रस्त्यावरच्या टपरीवाल्याने सांगितलं, “धनगर व्हय? कोकणात गेली सगळी. आता पावसाळ्यातच.”

पुढचे आठ महिने मी नकाशांतले जुने राखाडी तुकडे उघडून पुन्हा तपासत बसले. या कामासाठी दिलेले दोन नवे सहकारी मला मनापासून शिव्या देत होते. हक्कच होता त्यांचा, कारण त्यांचे शनिवार मीच खाल्ले होते.