फोटोत तेवढं करून द्या

फोटो स्टुडिओत एडिटिंग करणाऱ्या बाईला किस्से शोधायला बाहेर जावं लागत नाही. ते आपल्या पायांनी येतात, समोरची खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, "ताई, फोटोत तेवढं करून द्या." तेवढं म्हणजे केवढं, हे त्यांनाही ठाऊक नसतं. आमच्या प्रताप नगरच्या स्टुडिओत कोणी सूर्य डावीकडून उजवीकडे न्यायला सांगितलाय, तर कोणी बंद दारामागचा देव्हारा दाखवायला. घरी जेवताना मी एखादी गोष्ट सांगितली की नवरा म्हणतो, तू मनानं बनवतेस. मी फोटो बनवते. किस्से तयारच येतात.

स्टुडिओ शामभाऊंचा. उमेदीच्या काळात त्यांनी निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग केलेलं, त्यामुळे कॉम्प्युटरवर त्यांचा अजून पुरता विश्वास नाही. फोटो ते काढतात, त्याच्या पुढचं सगळं माझ्याकडे.

*

ऐन मे महिन्यात एक जोडपं प्री-वेडिंगसाठी आलं. मुलीला बर्फातले फोटो हवे होते, आणि मुलाला काश्मीरला जाण्याएवढी सुट्टी मिळत नव्हती. शामभाऊंनी दोघांना स्वेटर-मफलर घालून हिरव्या पडद्यासमोर उभं केलं. कूलरच्या वाऱ्यानं मफलर उडत होता म्हणून कूलरही बंद ठेवला.

मी मागे डोंगर लावले, वरून बर्फ पाडला, दोघांच्या खांद्यांवर थोडा थोडा साचवलासुद्धा. फोटो झकास जमला. फक्त नवरदेवाच्या कपाळावरून घामाची धार लागलेली होती.

शामभाऊ मागून पाहत होते. म्हणाले, "माधुरी, एक तं घाम काढ, नाही तं बर्फ काढ."

मी घाम पुसायला घेतला तेवढ्यात मुलीनं मला थांबवलं.

"राहू द्या ताई. माझ्यासाठी यानं मे महिन्यात स्वेटर घातलं. ते बी दिसू द्या."

*

पारशिवनीकडचे गुलाबराव म्हणून एक संत्रा बागायतदार आहेत. त्यांचे जावई पुण्याचे. दिवाळीत आले, पेंचला सफारी करून आले आणि पहिल्याच फेरीत त्यांना वाघ दिसला. त्यानंतर चार दिवस जावयांनी सासऱ्यांना वाघाबद्दल माहिती दिली. गुलाबरावांचा जन्म त्याच जंगलाच्या कडेला गेलेला, पण त्यांना कधी वाघ दिसला नव्हता. ते त्यांच्या मनाला लागलं.

ते आपल्याच बागेतला, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं राहून काढलेला फोटो घेऊन आले. मागे वाघ लावून द्या म्हणाले. मोठा नको, बरा दिसेल असा. मी संत्र्याच्या झाडांमागून निघालेला एक वाघ लावला, त्याच्या अंगावर पानांची सावली पाडली, गवतात त्याचे पाय लपवले. गुलाबराव खूश होऊन गेले.

पुढच्या आठवड्यात ते परत आले, तेव्हा सोबत वनरक्षक होता. झालं असं की फोटो गेला जावयांना, जावयांकडून पाहुण्यांच्या ग्रुपवर आणि तिथून फिरून गुलाबरावांच्याच गावात. दुसऱ्या दिवसापासून निंदणाला एकही बाई बागेत पाय ठेवेना. शेवटी गुलाबरावांनी खरं सांगितलं, तर त्यावर कोणी विश्वास ठेवेना. वनरक्षक म्हणाला, चला, दाखवा तुमचा स्टुडिओ.

मी फाईल उघडून वाघ काढून दाखवला. परत लावून दाखवला. वनरक्षकानं खुर्ची जवळ ओढली आणि आणखी एकदा दाखवायला सांगितलं. मग त्यानं गुलाबरावांना बाहेर बसायला पाठवलं, आपली टोपी सारखी केली आणि आवाज खाली आणला.

"ताई, एवढी वर्षं झाली जंगलात ड्युटी करून राहिलो, मले बी अजून दिसला नाही. माझ्यामागं लावता का एक?"

*

छोटासा आहे, पण सांगतेच. एक बाई आपल्या जुळ्या मुलांचा वाढदिवसाचा फोटो काढायला आल्या. दोघं इतके सारखे, की शामभाऊंनी एकाला लाल शर्ट घालायला लावला, म्हणजे हाक मारता येईल. मोठा म्हणजे काही मिनिटांनीच मोठा, पण प्रत्येक फोटोत नेमके त्याचेच डोळे मिटलेले. मी धाकट्याचे उघडे डोळे उचलून मोठ्याच्या चेहऱ्यावर बसवले. चेहरे सारखे, उजेड सारखा. शामभाऊंनी भिंग लावून पाहिलं, त्यांनाही जोड दिसला नाही.

बाई फोटो घेऊन गेल्या आणि कोपऱ्यावरूनच परत आल्या.

"ताई, मोठ्याले लहान्याचे डोळे काहून लावले?"

मी विचारलं, कशावरून ओळखलं? त्या म्हणाल्या, "मोठा एवढा गरिबावानी पाहतच नाही."

*

जरीपटक्याच्या बाजारात दुकान असलेले एक गृहस्थ मुलाच्या लग्नातला फोटो घेऊन आले. तो मोठा करून हॉलमध्ये लावायचा होता, पण त्याआधी त्यातून त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे नवरदेवाचा काका, काढायचा होता. लग्नात मानपानावरून दोघांचं वाजलं होतं. आधी काकांनी जेवणाचं पान सोडलं, मग येणंजाणं सोडलं.

काका काढणं सोपं होतं. मागे साधा पडदा होता, तो मी पुढे ओढला. अडलं ते हातापाशी. काकांचा हात नवरदेवाच्या खांद्यावर होता आणि शेरवानीवर बारीक जरीकाम होतं. हात काढला तर खाली तेवढं जरीकाम नव्यानं भरावं लागणार होतं. मी दोन दिवस मागितले. त्यांच्याकडे दुसऱ्याच दिवशी पूजा होती, पाहुणे यायचे होते. ते म्हणाले, हात राहू द्या, हात कोणाचा हे कोण विचारतंय.

पूजेला आलेल्या प्रत्येकानं विचारलं. आधी व्याह्यांनी, मग शेजाऱ्यांनी, मग भटजींनी. प्रत्येक वेळी त्यांना भावाचं नाव घ्यावं लागलं. घरात ज्याचं नाव बंद होतं त्याचं नाव दिवसभर त्यांच्याच तोंडी होतं. पाहुणे गेल्यावर बायकोनं फक्त एवढंच विचारलं, की त्याला प्रसाद पाठवायचा की नाही.

हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, महिनाभरानं, त्याच खुर्चीवर बसून. भावाला परत लावून द्या म्हणाले. मूळ फोटो आम्ही जपून ठेवलेलाच असतो, त्यामुळे काम काहीच नव्हतं. तेवढ्यात काका गाडी लावून आत आले. आपल्याला वगळलेला तो फोटो त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. स्क्रीनवर स्वतःचा नुसता हात पाहून ते जवळ येऊन वाकले.

"चाला, एवढं तरी ठेवलं गा दादा," ते म्हणाले, आणि भावाशेजारी बसले.

*

बायोडाटाचे फोटो आमच्याकडे रोजच. पल्लवी नावाची एक मुलगी आईबरोबर आली होती. आईनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, रंग थोडा उजळून द्या. थोडा म्हणता म्हणता त्यांनी इतका उजळून घेतला की शेवटी पोरीचं नाक दिसेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता जाता पल्लवी एकटी आली आणि म्हणाली, "ताई, माझा रंग मले वापस द्या. मी आईले सांगतो काय ते." आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, करतो, जातो. मी तिला तिचा रंग दिला, तोच फोटो बायोडाटावर गेला.

काही दिवसांनी एका घरून बोलावणं आलं. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगा आत आला, तशी पल्लवीची आई गडबडली, कारण फोटोतला मुलगा दाट केसांचा होता आणि समोरच्याच्या डोक्यावर चांगलंच ऊन पडत होतं. त्याचा फोटोही आमच्याच स्टुडिओतला. ते केस मीच लावलेले, त्याच्या मोठ्या बहिणीच्या आग्रहावरून.

दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. मुलगा पहिलं वाक्य हेच बोलला, की फोटो माझा नाही, माझ्या बहिणीच्या हट्टाचा आहे. पल्लवी हसली. तिनं आपल्या फोटोची गोष्ट सांगितली आणि स्टुडिओचा पत्ता विचारला. पत्ता एकच निघाला.

पुढच्या रविवारी दोघं मिळून आले. बसायच्या आधीच पल्लवी म्हणाली, "ताई, यांचे केस काढून द्या. पत्रिकेवर हेच पाहिजेत मले."

*

आणि हा शेवटचा.

सुमनताई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या आहेत. एका दुपारी आल्या, जयभीम घातला, पाणी प्यायल्या आणि विचारलं की ज्याचा फोटोच नाही त्याचा फोटो करता येतो का. त्यांना आईचा फोटो हवा होता. आई विडी कारखान्यात होती. सुमनताई पहिलीत असतानाच ती गेली, आणि तिनं उभ्या आयुष्यात एकही फोटो काढला नव्हता.

मी सांगितलं, कशावरून करू? काहीतरी तर हवं. त्या म्हणाल्या, सगळे म्हणतात मी तिच्यासारखी दिसतो. मग आम्ही त्यांचा फोटो काढला, चष्मा काढला, केस काळे केले, डोक्यावरून पदर घेतला. सुमनताई शेजारी बसून सांगत होत्या. कपाळ जरा कमी. हनुवटीवर गोंदण. लुगड्याचा काठ हिरवा, कारण तो धरून मी चालत होतो.

दोन-तीन बैठकांनंतर चेहरा तयार झाला. त्यांनी थोरल्या भावाला आणलं. त्यांना कमी दिसतं, म्हणून मी चेहरा स्क्रीनभर मोठा केला. भाऊ अगदी जवळ जाऊन पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "सुमन, ही आपली माय नाही वं. माय म्हातारी कुठं झाली होती."

खरंच होतं. सुमनताईंच्या चेहऱ्यावरून मी त्यांच्या वयाची बाई केली होती, आणि त्यांची आई पंचविशीतच गेली होती. सुमनताई पिशवी उचलून उठल्या. मला वाटलं, आता त्या नको म्हणतील.

दुसऱ्या दिवशी त्या आपल्या नातीला घेऊन आल्या. प्रज्ञा तिचं नाव, कॉलेजात शिकते. सुमनताईंनी स्वतः तिचे केस तेल लावून चोपून बसवले, मधोमध भांग पाडला, हिरव्या काठाचं लुगडं नेसवलं. शामभाऊंनी फोटो काढला. मी प्रज्ञाचा चेहरा घेतला, त्यावर आजीचे डोळे कोवळे करून बसवले, गालांची हाडं थोडी वर घेतली, हनुवटीवर गोंदण टेकवलं. सुमनताई आणि त्यांचे भाऊ दोघंही सांगत होते आणि आपसात भांडतही होते, भुवया जुळलेल्या होत्या की नव्हत्या यावरून. एका क्षणी दोघं एकदमच बोलायचे थांबले. मी माऊसवरचा हात उचलला.

भावांनी स्क्रीनला हात लावला. शामभाऊ स्क्रीनला बोट लावलं की ओरडतात. त्या दिवशी ते उठून चहा सांगायला गेले.

आता त्या फोटोत सुमनताईंना आईजवळ बसवायचं होतं. माझ्या डोक्यात चित्र तयार होतं. मी म्हटलं, तुमचा लहानपणीचा फोटो नसला तरी हरकत नाही, मी तुम्हाला लहान करते. पहिलीतली मुलगी करते, आईच्या मांडीवर बसवते.

सुमनताईंनी पदरानं चष्मा पुसून परत लावला. पांढरे केस कानामागे सारखे केले.

"नको वं बाई. आहे तशीच बसव. तिनं मले मोठी झालेली पाहिलंच नाही ना. पाहू दे."