लोखंडाच्या डोंगरावरची वांगी

जगात जेवढं म्हणून लोखंड आहे, त्यात आपला थोडाफार वाटा आहे असं आमच्या आत्याच्या यजमानांचं ठाम मत होतं, आणि ते त्यांनी कधी कुणापासून लपवून ठेवलं नाही. धनजच्या बाजारात कुणी नवा विळा घेतला की ते त्याला थांबवायचे, पातं नखानं वाजवायचे, कान लावून ऐकायचे आणि "हाव, आपलंच हाय" म्हणून त्याला जाऊ द्यायचे. कारंज्याच्या स्टेशनात ते रुळावरून असा हात फिरवायचे, की नातवाच्या डोक्यावरूनही फिरवला नसेल. आत्याचा तवा तर घरचाच. भाकरी करपली तर दोष आत्याचा, चांगली झाली तर लोखंडाचा.

आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू. पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमाराला, कारंज्याच्या एका व्यापाऱ्याच्या तूरडाळीच्या पोत्यांबरोबर राखणदार म्हणून ते पार पूर्वेकडच्या जंगलात गेले. मोठी रेल्वे संपली की छोटी रेल्वे, छोटी संपली की नुसतं रान, आणि रानाच्या पोटात एक डोंगर, सगळाच्या सगळा लोखंडाच्या दगडाचा. हजारो माणसं तो फोडत होती. वर सुरुंगाचे बार उडत, बाया घमेल्यांनी दगड वाहत, आणि रुळांवरच्या ट्रॉल्या भरभरून खाली जात. तिथल्या लाल धुळीचं वर्णन मामाजींनीच करावं. माणसं लाल, बैल लाल, ताटातला भातसुद्धा लाल. "साहेबाचा पांढरा कुत्रा होता. आठ दिवसांत असा लाल झाला का साहेबानं त्याले वळखलंच नाई. कुत्र्यानं साहेबाले वळखलं म्हून निभलं!"

पोती उतरवून परत यायचं, ते मामाजी कित्येक वर्षं आलेच नाहीत. कारण एकच. त्या हजारो माणसांच्या ताटात भाजी नव्हती. रेल्वेनं यायची ती वाटेतच सडायची. माळ्याच्या पोराला हे बघवेना. धोतराच्या सोग्याला वांग्याचं बी बांधलेलं होतंच. आमच्या जातीत माणूस एक वेळ पैसे विसरून गावाला जाईल, बी विसरणार नाही. पण डोंगरावर माती कुठे? दगड, नुसता दगड. मग मामाजींच्या ध्यानात आलं, की भरलेल्या ट्रॉल्या खाली जातात आणि वर येताना रिकाम्या येतात. खालच्या नाल्यातला काळा गाळ आणि बैलांचं शेण ते गुपचूप त्या रिकाम्या ट्रॉल्यांत टाकू लागले. खाली जाताना लोखंड, वर येताना माती, आणि त्या मातीत वांगी धरली. साहेबानं पकडलं आणि गरजला, "ये मिट्टी किसका है?" मामाजींनी दोन दगडांत काट्या पेटवून वांगं भाजलं, हिरव्या मिरचीचं भरीत केलं आणि भाकरीवर ठेवून साहेबाच्या हातात दिलं. साहेबाचे कान खाणीहून लाल झाले. तो पाणी प्यायला, डोळे पुसले आणि पुन्हा भरीत मागितलं. दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला, की रोजची शेवटची ट्रॉली मातीची.

तेव्हापासून मामाजींना जडलेला रोग गावी आल्यावरही गेला नाही. रिकामी गाडी दिसली की ते टोपली शोधू लागत. पोहरादेवीच्या जत्रेहून परतणारी रिकामी गाडी ते वाटेत अडवत आणि "रिकामी काहून नेऊन राह्यला बावा?" म्हणत तिच्यात दोन टोपल्या गाळ ओततच. माझ्या लग्नात वरातीची गाडी मांडवाबाहेर घटकाभर रिकामी उभी होती. तेवढ्यात त्यांनी तिच्यात लेंडीखत भरून वर सतरंजी अंथरली. आमची ही सासरी खतावर बसून आली, हे ती अजून चारचौघांत सांगते, आणि संसाराला बहर आला तो त्यामुळेच, माझ्यामुळे नव्हे, असंही पुढे जोडते.

पण या साऱ्याचा ताप झाला माझ्या आतेबहिणीला. गोड पोर, कामाला वाघीण. पण पाहुणे यायचे, मामाजी लोखंडाचा डोंगर सुरू करायचे, आणि पाहुणे "कळवतो" म्हणून जायचे ते जायचेच. बाप सटकलेला आहे, गप्पाड्या आहे, असा बोभाटा झाला. आत्या रडकुंडीला आली. अखेर शिरपूर जैनकडचं एक बागायती घर तयार झालं, तेव्हा माझ्या वडिलांनी मामाजींना बजावलं, "भाऊजी, हात जोडतो. खाणीत मुकादम होतो, एवढंच सांगा. वांग्याचं नाव काढू नका. पोरीचं लगन मोडलं तं बहीण मले घरात घेणार नाई."

"साळेबुवा, मी तोंडच उघडत नाई," मामाजी म्हणाले.

पाहुणे आले. मुलाचे वडील मोठे पागोटेवाले, मोजकं बोलणारे. चहा झाला. त्यांनी विचारलं, "खाणीत कोन्त्या कामावर होते?"

"मुकादम!" माझे वडील घाईघाईनं म्हणाले.

मामाजींनी मान खाली घातली. त्यांच्या मानेची शीर तटतटताना मला दिसत होती. आणि बार उडाला.

"मुकादम? हट! मुकादम तं तथी पायलीचे पन्नास होते. वांगेवाला मी एकटा होतो!"

आत कपबशी फुटली. वडिलांनी डोळे मिटून घेतले. मुलाचा काका जोडा शोधू लागला. पागोटेवाले मात्र हलले नाहीत.

"लोखंडाच्या दगडावर वांगे?"

"हाव."

"माती?"

"खालून वर नेली. ट्रॉलीनं."

"पाणी?"

"झऱ्याचं. बाया कामावर येता येता एकेक घागर आणत. वांगे त्याहिलेच तं खाऊ घालत होतो."

"अन् कीड लागली तं?"

"चुलीतली राख. पाहाटी, दवावर."

"दवावरच काहून?"

"इथं बसून काय सांगू? चाला!"

दोघं उठून मळ्यात गेले ते दिवेलागणीला आले, चार हात चिखलानं भरलेले. तोवर आतेबहीण नऊवारीत घामाघूम बसलेली. वडील चाचरत म्हणाले, "पोरगी पाह्याची राह्यली नं, पाव्हणं."

पागोटेवाल्यांनी पायांवर पाणी घेतलं. "मळ्यातले वाफे कोनं ओढले?"

"पोरीनं," मामाजी म्हणाले.

"मंग पाह्यली."

लग्न थाटात झालं. पहिल्या दिवाळीला आम्ही मामाजींबरोबर शिरपूरला गेलो. ओसरीवर माणसं जमली होती. व्याही आपल्या पंगतीला सांगत होते, "हे आमचे इवाई. अख्खा लोखंडाचा डोंगर यायच्या वांग्यावर फुटला." मग त्यांनी सारी कथा सांगितली. नाल्याचा गाळ, बायांच्या घागरी, साहेबाचं भरीत, काही सोडलं नाही. डोंगर तर मामाजींपेक्षाही उंच केला. कुणी हसलं नाही. मामाजी खाली मान घालून बोटानं जमिनीवर रेघा ओढत बसले होते. एकदाही त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही.

त्यानंतर ती कथा त्यांनी आम्हाला कधी सांगितली नाही. आग्रह केला तर म्हणायचे, "मी कायले सांगू? शिरपूरले सांगून राह्यले नं इवाई." पूर्वी ती सुरू झाली की आम्ही एकेक करून मागल्या दारानं सटकत असू, आता ऐकायला बसलो, तर ते विड्याचं पान चघळत नुसते हसायचे.

आता मामाजी नाहीत, त्यांचे व्याहीही नाहीत. पोरांना ती गोष्ट मी सांगतो आणि पोरं मागल्या दारानं जातात. मी तरीही सांगत राहतो. वांग्यांच्या मागून त्या डोंगरावर त्यांनी आंबाडी पेरली होती की मेथी, इथे मात्र दर वेळी अडखळतो. विचारायला कुणी उरलं नाही, म्हणून एकदा आंबाडी सांगतो आणि एकदा मेथी.