फळ्यांवर बसलेली बाई

होडी चिखलाला टेकली की ती चपला काखोटीला मारायची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचायची आणि समोरच्या जेट्टीकडे बघून मोठ्याने म्हणायची, "आमी मानसा हाव, मीठ नाय!" मगच पाय खाली टाकायची.

जेट्टीला ऐकू येत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण जेट्टी बांधणाऱ्यांना तरी कुठे ऐकू येत होतं?

माझं काम विजेचे मीटर वाचायचं. वरसेहून निघायचं, रोह्याला गाडी पकडून पेण गाठायचं, तिथून रिक्षाने खाडीकाठी आणि मग होडीने एका बेटावरून दुसऱ्या बेटावर. तिच्या बेटावर भरतीला गेलात तर तुम्हीसुद्धा म्हणाल, काय सुंदर जागा! होडी थेट जेट्टीला लागते. पण एकदा ओहोटीला या. पाणी मागे सरतं, होडी लांबच अडते आणि तिथून जेट्टीपर्यंत मांडीभर चिखल. जेट्टी पाण्यापर्यंत नेलेलीच नाही. उद्घाटन भरतीला झालं, फोटोत पाणी दिसलं, काम संपलं. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

तिचं अर्धं आयुष्य शेजारच्या बेटावरच्या मिठागरात पाट्या वाहण्यात गेलं होतं. येता-जाता होडीत माणसं आणि मिठाच्या गोण्या एकत्रच. गोणी भिजली तर मुकादम आकाशपाताळ एक करायचा. बाई घसरली तर म्हणायचा, "बघून चाला की!" तिचं ते वाक्य तिथलं.

मला पाहिलं की ती होडीभर ऐकू जाईल असं म्हणायची, "आला! लाइट नाय, पन मीटर बगायला आला." आणि चिखलात माझा पाय रुतला की तीच हात पुढे करायची. "धर. मशीनसकट बुडशील, मंग आमचा मीटर कोन वाचंल?"

एवढी थट्टा करणारी ही बाई एका गोष्टीवर मात्र कधी हसली नाही. तिची सून पहिल्या वेळी सहाव्या महिन्यात याच चिखलात घसरून पडली होती. ते मूल राहिलं नाही. सुनेला पुन्हा दिवस गेले, तेव्हापासून म्हातारी ओहोटीच्या नावाने बोटं मोडायची. बाळंतपण पेणला करायचं ठरलं होतं. पण कळा काय भरती बघून येतात?

अशातच बेटावर एक मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून धावपळ सुरू झाली. नेमकी ओहोटी. साहेबांचे बूट चिखलात कसे जाणार? आदल्या दिवशी मांडववाल्याला बोलावलं गेलं. होडी अडते तिथपासून जेट्टीपर्यंत पिंपं रोवून त्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर लाल गालिचा. इतकी वर्षं जे होत नव्हतं, ते एका दुपारात झालं. साहेब आले, नारळपाणी प्याले, गेले.

त्यांची लाँच वळणावरून दिसेनाशी झाली आणि मांडववाल्याच्या माणसांनी गालिचा गुंडाळला. ते फळ्या उचलणार, तोच ही बाई जाऊन मधोमध मांडी घालून बसली.

साहेबांच्या स्वागताला आलेल्या मिठागराच्या मुकादमाला वाटलं, म्हातारीला सरपण हवंय. तो म्हणाला, "मावशे, दोन फळ्या घेऊन जा घरी. कोण काय बोलणार नाय."

ती जी कडाडली! "मना घरी नको फल्या! हितं पायजेत! सायबाचे पाय तेवढे पाय, आमचे काय खुंट हायेत?"

एकेक करून गावातल्या बाया येऊन बसल्या. शेवटी आठ महिन्यांचं पोट सांभाळत सूनही आली. पाणी चढायला लागलं, फळ्यांवर आलं, लुगडी भिजली. एकही उठली नाही. मी माझं मशीन डोक्यावर धरून जेट्टीवरून बघत होतो आणि बेंबीच्या देठापासून त्यांच्या बाजूने ओरडत होतो. अखेर मांडववाल्यालाच लाज वाटली. म्हणाला, "ठेवा. सून मोकळी झाली की कळवा."

सून त्याच फळ्यांवरून पेणला गेली आणि त्याच फळ्यांवरून मुलगी घेऊन परतली. नंतर कुठल्याशा कार्यालयातून एक माणूस आला आणि फळ्या अनधिकृत आहेत म्हणून काढून घेऊन गेला. म्हातारीने त्याला एवढंच विचारलं, "मंग चिखोल अधिकृत हाय का?" तो फळ्या मोजत राहिला. मी अजून तेच विचारतो.

यंदा दिवाळीनंतर ती पेणच्या दवाखान्यात वारली. तिला घरी न्यायला निघालेल्या होडीत मीही होतो. ओहोटीच होती. होडी टेकली. चौघांनी पँटी दुमडल्या आणि तिला उचलायला वाकले. सून आडवी आली.

"नाय. हिला चिखलातून नाय न्यायची."

"अगो, पानी यायला लय उशीर हाय. ऊन बग."

"येवंदे पानी. तवर बसू."

आम्ही बसलो. जेट्टीवर सगळं गाव उन्हात उभं. तिथल्या काळ्या दगडावर उद्घाटन करणाऱ्यांची नावं सोनेरी अक्षरात चकाकत होती. मला तो दगड उपटून खाडीत फेकावासा वाटत होता. उन्हं कलली, पाणी आलं, होडी हलली आणि हळूहळू जेट्टीला लागली.

तिला खांद्यावर घेतलं तेव्हा गर्दीतला एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "नशीबवान बाई. भरतीला आली."

सून चालता चालता थांबली. म्हणाली, "नशीब नाय, काका. आमी थांबलाव."