सुटं हाय ते मासं

वल्हं पाण्यात उभं धरायचं, दांड्याला कान लावायचा आणि डावा हात वर करायचा. काकांचा हात वर गेला की सातही नावा गप्प. मग ते म्हणायचे, "जाळं टाकू नगा रं. खाली चिंच हाय."

तुम्हाला खोटं वाटेल, पण अशी माणसं असतात. सातारा जिल्ह्यात, धरणाच्या पाण्यावर मी हे डोळ्यांनी पाहिलंय. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा मच्छीमार सोसायटीत मासे तोलायची. शाळा कधी पाहिली नव्हती, पण वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून अक्षरओळख झालेली.

काका म्हणजे सगळ्यांचेच काका; त्यांचं गाव त्याच पाण्याखाली होतं. मासे त्यांना कानानं कळायचे आणि बुडालेली झाडं, भिंती पाठ होत्या. जाळं टाकायचं तर काका पुढं हवेतच. लेक दिलेली माण तालुक्यात, दहिवडीकडं. काकूही तिच्याजवळच राहायच्या. काका मात्र एका हंगामासाठी म्हणून नाव वल्हवायला आले ते अडकलेच.

लेकीची कार्डं मीच वाचून दाखवायची. एकदा आलं, "आईला आता काहीच दिसत नाही. सारखी विचारते, ह्यांचा आवाज कधी ऐकू येणार."

काका म्हणाले, "परत वाच." मी वाचलं. त्यांनी कार्ड घेऊन टोपीत ठेवलं आणि नावेकडं गेले.

जाता का येत नव्हतं? मागं एकदा चार दिवस गेले होते. त्या चार दिवसांत तीन जाळी झाडांत गुंतली, आणि एक गडी जाळं सोडवायला बुडी मारून वर आला तो नाकातोंडातून रक्त घेऊन. वाचला म्हणा. पण त्यानंतर काकांना कुणी सोडेना, आणि त्यांच्यानंही निघवेना.

अशात सोसायटीला मासे हुडकायचं मशीन घ्यायचं ठरलं. मुंबईचा एजंट दोन मशिनं घेऊन आला. निवड काकांनी करायची. लोक कुजबुजले, "म्हातारा दोन्ही नापास करतोय बघा. मशीन आलं तर ह्यांना कोण पुसतंय?" मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

पहिल्या मशीनमध्ये गोल तबकडीवर दिवा फिरायचा. काकांनी नाव नेमक्या जागी नेली. दिवा लुकलुकायला लागला तसा एजंट ओरडला, "बघा, केवढा थवा!"

"व्हय की," काका म्हणाले. "ह्यो थवा पाटलाच्या दारातला वड हाय. माझ्या लहानपणापास्नं हलला न्हाई."

नावा हसून हसून डुलल्या. पुढं काकांनी त्या मशीनवर उन्हाची तिरीप येऊ दिली, तर दिवाच दिसेना. "म्हंजे ढग असतील तवाच मासं धरायचं व्हय, सायेब?"

दुसरं मशीन कागदावर काळी रेघ ओढायचं. त्याच्यावर काकांनी ओंजळभर पाणी उडवलं. एजंट "आवं, आवं!" करत राहिला, मशीन चालत राहिलं. बॅटरी किती वेळ टिकते, कागद संपला तर कुठं मिळतो, सगळं खोदून विचारलं. मग तीच चिंच आली. कागदावर तळातून एक काळा खांब उभा राहिला, वर फांद्यांचा गिचका. पुढं गेल्यावर मधल्या पाण्यात चार बाकदार रेघा उमटल्या. काकांनी बोट ठेवलं.

"बुडाला चिकटलंय ते आपलं जुनं. सुटं हाय ते मासं."

जाळं टाकलं. मासे निघाले. काकांनी एजंटाला सांगितलं, "ह्येच द्या." आणि काठावर आल्यावर मला हळूच म्हणाले, "पोरी, सुटलो बघ मी." तेव्हा कुठं मला उमगलं, हा माणूस मशीनची वाट बघत होता.

पण सुटका कसली! गडी म्हणाले, "ह्या काळ्या रेघा कुणाला कळत्यात? वाचायला काकाच पायजेत." शिकायला कुणी तयार नाही. काका असताना डोकं कशाला शिणवा? आधी कान होता, आता कान आणि कागद दोन्ही काकांच्या गळ्यात.

मग काकांनी मला धरलं. रोज नावा परतल्या की तोलकाट्याशेजारी कागद पसरायचा. ते बोट ठेवून सांगायचे आणि मी निळ्या पेन्सिलीनं लिहायची: चिंच. चावडी. आडाचा काठ. कातळ. मासे. एका जागी त्यांचं बोट थांबलं. "ह्ये काय, काका?" "ह्ये ऱ्हाऊ दे." मी समजले, ते त्यांचं घर होतं. तिथं फक्त फुली मारली, जाळं टाकायचं नाही म्हणून.

हंगाम सरला. काकांनी जायचा दिवस ठरवला. सकाळी गाठोडं घेऊन आले, तर सात नावा काठाला तशाच. सगळे खाली माना घालून उभे. एकजण म्हणाला, "काका, आजच्या दिस चला की." वर रस्त्याच्या तिठ्यावर एसटी येऊन थांबली होती. काकांनी गाठोडं माझ्या पायाशी ठेवलं आणि एक पाय नावेत टाकला.

दुसऱ्या दिवशी तेच. गाठोडं माझ्याकडं, काका पाण्यावर.

तिसऱ्या दिवशी त्यांच्याआधी मीच कासोटा घट्ट करून पुढच्या नावेत मशीनसमोर जाऊन बसले.

"बाईमाणूस नावंत? जाळ्याला मासा लागंल का?" कुणीतरी खिदळलं.

"मग तू ये रं शाण्या, वाच कागद," मी म्हटलं. कुणी आलं नाही.

काका पाण्यात गुडघाभर उभे. आनंद नव्हता त्यांच्या तोंडावर. म्हणाले, "पोरी, ह्यातनं तुला कोण सोडवंल?"

"आवं जावा तुमी, गाडी सुटंल."

नाव निघाली. मी मागं वळून पाहिलं. काका एसटीच्या पायरीवर उभे होते, तोंड पाण्याकडं, आणि कंडक्टर ओरडत होता, "म्हातारबा, एक तर आत या न्हाईतर खाली उतरा!"

तेवढ्यात कागद सरकायला लागला. तळातून काहीतरी काळं वर येत होतं. सातही नावा माझ्या हाताकडं बघत थांबल्या होत्या, म्हणून मला खाली बघावं लागलं. पुन्हा वर पाहिलं तेव्हा तिठ्यावर नुसता धुरळा होता.